शिकारीची रायफल मापाने बनवून घेताना गनस्मिथ एवढे प्रश्न का विचारतो

कस्टम रायफल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नक्षीकाम येतं, चमकणारा अक्रोडाचा दस्ता येतो, मखमलीच्या पेटीत ठेवलेली वस्तू येते. ते असतंही, पण ती वरची साय झाली. खरी गोष्ट एवढीच की ही रायफल एका माणसाच्या अंगाला आणि त्याच्या एका ठरावीक कामाला मोजून बसवलेली असते, आणि ते मोजमाप चुकलं तर कितीही भारी कारागीर असला, कितीही पैसे ओतले, तरी हातात येते ती फक्त एक सुंदर पण परकी वस्तू.

एक आधीच सांगून टाकतो. फक्त अचूक नेम पाहिजे म्हणून कस्टम करायला जाऊ नका. आजची कारखान्यातली साधी बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायची, रायफलसुद्धा शंभर मीटरवर तीन गोळ्या दोन-तीन बोटांच्या अंतरात टाकते, शिकारीला त्याहून जास्त लागत नाही. कस्टम करायची ती अशासाठी की रायफल खांद्याला लावली की नजर आपोआप स्कोपच्या, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीच्या, मधोमध यावी, दिवसभर डोंगर चढून दमलेल्या हातांनी बोल्ट ओढला तरी अडकू नये, आणि समोर जनावर उभं असताना बंदुकीचा विचारच मनात येऊ नये. जखमी होऊन पळालेलं जनावर ही शिकाऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट असते, आणि नीट बसणारी रायफल त्याची शक्यता कमी करते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं समर्थन एवढं एकच आहे.

कायद्याचं पहिलं बघायचं. हा सगळा लेख जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे आणि जिथे तुमच्याकडे त्या कॅलिबरचा, म्हणजे त्या मापाच्या नळीचा आणि काडतुसाचा, परवाना आहे किंवा मिळू शकतो तिथलाच समजा. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या कारागिराकडे, स्वतःचं लायसन्स लागतं, आणि कुठला भाग कायद्याच्या नजरेत 'बंदूक' धरला जातो हे देशागणिक बदलतं, अमेरिकेत सिरियल नंबर असलेला रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते पोलादी घर) म्हणजेच बंदूक, तर बऱ्याच युरोपीय देशांत नळी आणि बोल्टसुद्धा स्वतंत्रपणे नोंदवायला लागतात. दुसऱ्या देशातल्या कारागिराकडून करून घेणार असाल तर निर्यात-आयातीचे कागद आले. हे काम ऑर्डर देण्याआधी करायचं, नंतर नाही, कारण रायफल तयार आहे आणि परवानगी नाही अशी अवस्था झाली तर ती तिकडेच कुलपात पडून राहते.

आता शब्दांची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि तो ज्याच्यात मागेपुढे सरकतो ते पोलादी घर, म्हणजे रिसीव्हर. बॅरल म्हणजे नळी. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायला जी खाच कोरलेली असते ती चेंबर. स्टॉक म्हणजे दस्ता, ज्याला गाल टेकतो आणि जो खांद्याला लागतो. आणि काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू, पितळी केस, आत दारू, मागे ती पेटवणारा प्रायमर, पुढे गोळी. गोळी ही काडतुसाचा फक्त एक भाग, ती उडून जाते, केस मागे राहते.

चांगला गनस्मिथ पहिल्या भेटीत बंदुकीबद्दल फारसं बोलतच नाही. तो तुमच्याबद्दल विचारतो. कशाची शिकार करता, झाडीत की उघड्या माळावर, किती लांबून, पायी किती चालता, थंडीत जाड जॅकेट घालता का, चष्मा आहे का, उजवा डोळा जोरात आहे की डावा. हा शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. पण उजव्या हाताने सगळं करणाऱ्या माणसाचाही डावा डोळा जास्त जोरदार असू शकतो आणि मग उजव्या खांद्यावर रायफल लावून त्याला कायम कुठेतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. घरी बघायला सोपं आहे, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूकडे बोट दाखवायचं, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने पाहताना बोट वस्तूवरच राहतं तो तुमचा जोरदार डोळा. डावा निघाला तर डाव्या हाताची ॲक्शन घ्यायची का हे तिथेच ठरवायला लागतं.

या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची. आयुष्यात एकदाच जमेल अशा स्वप्नातल्या शिकारीसाठी रायफल बनवून घ्यायची आणि दरवर्षी करायची ती साधी हरणाची शिकार त्याच अवजड रायफलीने करत बसायची, ही चूक फार लोक करतात.

मग येतं कॅलिबर, आणि इथे माझं मत ठाम आहे की सगळीकडे मिळणारं काडतूस घ्यायचं. .३०-०६ स्प्रिंगफिल्ड १९०६ सालचं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, .३०८ विंचेस्टर १९५२ चं, आणि ही काडतुसं अजून टिकून आहेत ती जुन्या आठवणींमुळे नाही, काम करतात म्हणून. मोठ्या आणि धोकादायक जनावरांसाठी .३७५ एच अँड एच मॅग्नम १९१२ पासून चालत आलंय. कस्टमच करतोय तर काहीतरी वेगळं कॅलिबर करू असा मोह सगळ्यांना होतो, आणि गनस्मिथ ते करूनही देतो, त्याला अशा जगावेगळ्या काडतुसांना वाइल्डकॅट म्हणतात, पण विमानात सामान हरवलं आणि काडतुसं दुसऱ्या देशातल्या छोट्या गावातून घ्यायची वेळ आली की वेगळेपणाची किंमत कळते. शिवाय काही ठिकाणी कायदा किमान मर्यादा घालतो, उदाहरणार्थ इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणासाठी सर्वसाधारणपणे .२४० इंचाहून बारीक नळीची रायफल चालत नाही. काही ठिकाणी गोळीच्या धातूवरही नियम आहे, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी आहे. ही शिशाची गोष्ट लक्षात ठेवा, नळीकडे आल्यावर परत लागणार आहे.

ॲक्शन हा रायफलचा सांगाडा. दारू पेटल्यावर .३०-०६ च्या चेंबरमध्ये कमाल दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो दाब तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर बोल्टचे पुढचे कान, म्हणजे लग, अडवून धरतात. आजही बहुतेक कस्टम शिकारी रायफलींच्या मुळाशी १८९८ सालची माउझर ॲक्शन किंवा तिचीच वारसदार असते. पाउल माउझरने तिच्यात तीन गोष्टी अशा एकत्र आणल्या की त्यानंतरच्यांनी त्यातच फेरफार केले, पुढे दोन भक्कम लग आणि मागे सुरक्षेसाठी तिसरा, काही फुटलंच तर गरम गॅस डोळ्यांकडे न येता बाजूने निघून जाईल अशी व्यवस्था, आणि बोल्टच्या अंगाला लांबच लांब पोलादी पट्टी, जिच्या टोकाचा आकडा काडतुसाची कड पकडतो. अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल माउझरच्या इतकी जवळ गेली होती की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला पेटंटपोटी २ लाख डॉलर द्यावे लागले.

तो आकडा नीट समजून घ्या कारण गनस्मिथ तुम्हाला 'कंट्रोल्ड फीड पाहिजे की पुश फीड' असं विचारणार आहे. कंट्रोल्ड फीडमध्ये काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसं साठवायच्या खालच्या पेटीतून, वर येतानाच आकड्यात अडकतं आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत बोल्टच्या ताब्यात राहतं. पुश फीडमध्ये बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो आणि आकडा शेवटी, बोल्ट बंद होताना कडेवर चढतो. फरक कधी कळतो, तर घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेला आणि परत मागे ओढला तेव्हा. पहिल्या प्रकारात तेच काडतूस बोल्टबरोबर मागे येऊन बाहेर पडतं, दुसऱ्यात ते पुढेच पडून राहतं आणि पुढच्या खेपेला दुसरं काडतूस त्याच्या ढुंगणावर जाऊन आदळतं, झाली रायफल जाम. समोर हरीण असेल तर ते निघून जाईल एवढंच, रानरेडा असेल तर गोष्ट वेगळी आहे. म्हणून धोकादायक शिकारीवाले कंट्रोल्ड फीड सोडत नाहीत. विंचेस्टरने १९३६ मध्ये आणलेल्या मॉडेल ७० मध्ये १९६४ ला पुश फीड घातलं तेव्हा लोक इतके नाराज झाले की आजही '६४ च्या आधीची' हा शब्द जास्तीची किंमत सांगून जातो. पण उगाच पुश फीडला नावं ठेवायची नाहीत, १९६२ ची रेमिंग्टन ७०० पुश फीडच आहे आणि कितीतरी उत्तम कस्टम रायफली तिच्यावर उभ्या आहेत, बनवायला सरळ आणि भक्कम.

काही लोक आजोबांची जुनी लष्करी रायफल घेऊन जातात आणि तिच्या ॲक्शनवर नवी बांधून मागतात. कल्पना छान आहे, दोन्ही महायुद्धांनंतर हजारो रायफली अशा झाल्या, पण धातू आधी तपासून घ्या. वर म्हटलेल्या स्प्रिंगफिल्ड १९०३ चंच बघा. सुरुवातीच्या काळात कारखान्यातले कामगार तापलेल्या पोलादाचा रंग नुसत्या डोळ्यांनी बघून तापमान ठरवायचे, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी लाल रंग फिका दिसतो म्हणून पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवलं जायचं, ते ठिसूळ व्हायचं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी काही रिसीव्हर फुटल्यावर चौकशी झाली आणि मग पद्धत बदलली, म्हणून स्प्रिंगफिल्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या नंबरच्या रिसीव्हरवर शहाणा गनस्मिथ काही बांधायला तयार होत नाही. तुमच्या गनस्मिथने एखाद्या जुन्या ॲक्शनला नाही म्हटलं तर वाद घालू नका, तो तुमचा चेहरा वाचवतोय.

आता नळी. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि फिरते म्हणून तोंड पुढे ठेवून सरळ जाते. किती इंचात एक पूर्ण फेरा होतो तो ट्विस्ट, एकास दहा म्हणजे दहा इंचात एक फेरा. नियम साधा आहे, गोळी जितकी लांब तितका फेरा जलद लागतो. आणि हा आकडा चुकला तर काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९५५ सालचं आहे. त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळजवळ सारखीच काडतुसं बाजारात आणली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. दारूला जागा रेमिंग्टनच्या केसमध्ये थोडी जास्तच होती. पण रेमिंग्टनने आपल्या रायफलीत ट्विस्ट ठेवला एकास बारा, त्यांच्या डोक्यात लहान जनावरांसाठी हलक्या गोळ्या होत्या, आणि विंचेस्टरने ठेवला एकास दहा, ज्याच्यात १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हरणाला चालणारी लांब गोळी नीट जायची. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही कामं पाहिजे होती. .२४३ धडाधड विकलं गेलं, .२४४ पडून राहिलं, शेवटी रेमिंग्टनने ट्विस्ट एकास नऊ केला आणि १९६३ मध्ये त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, पण तोवर गाडी निघून गेली होती. चांगलं काडतूस एका आकड्याने मागे पडलं.

आता शिसं आठवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. आणि लांब गोळीला जलद ट्विस्ट लागतो. म्हणजे आज शिशाच्या गोळीसाठी बेताचा ट्विस्ट घेतलात आणि उद्या तुमच्या भागात शिसं बंद झालं तर नळी बदलायची पाळी येऊ शकते. म्हणून मी म्हणेन की शंका असेल तर ट्विस्ट एक पायरी जलदच घ्या, शिकारीच्या अंतरावर त्याचा तोटा जाणवत नाही.

नळीची लांबी आणि जाडी ही दोन्ही तडजोडीची कामं. एक इंच कमी केला की गोळीचा वेग साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद कमी होतो, काडतुसाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे २४ वरून २२ इंचावर आलात तर जनावराला काही फरक पडणार नाही, तुम्हाला झाडीतून चालताना मात्र पडेल. जाड नळी उशिरा तापते पण खांदा मोडते, आणि शिकारीत एक, फार तर दोन गोळ्या सुटतात, तेव्हा महत्त्व थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीला. नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, ते मात्र काटेकोर पाहिजे, कारण गोळी शेवटचा स्पर्श तिथे करते आणि एका बाजूने गॅस आधी सुटला तर गोळी तिथेच डगमगते.

चेंबर कोरणं हे गनस्मिथचं सगळ्यात नाजूक काम. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला पुढेमागे किती जागा राहते त्याला हेडस्पेस म्हणतात, ती इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. जास्त झाली तर केस ताणून फाटू शकते, कमी झाली तर बोल्ट बंदच होत नाही. दोन पोलादी गेज असतात, एकावर बोल्ट बंद व्हायलाच पाहिजे, दुसऱ्यावर व्हायलाच नको. हे तुम्हाला करायचं नाही, पण तयार रायफल घेताना 'गेज लावून दाखवा' एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि खरा कारागीर आनंदाने दाखवतो.

आणि आता दस्ता, ज्याच्यासाठी माझ्या मते अख्खी कस्टम रायफल करायची असते. मी एकदा माझ्याहून बुटक्या माणसाच्या मापाची रायफल चालवली होती, दस्ता आखूड होता, डोळा स्कोपच्या फार जवळ गेला आणि धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर आदळली. रक्त फार नाही आलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस चाप ओढायच्या आधीच माझा डोळा मिटायचा. माप चुकलं की असं होतं, आधी शरीराला लागतं मग मनाला, आणि मनाचं लवकर जात नाही.

मापं बघू. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लेंग्थ ऑफ पुल, कारखान्यातल्या रायफलीत हे साधारण साडेतेरा इंचांच्या आसपास असतं कारण ते कुणालाच अगदी बरोबर नाही आणि कुणालाच अगदी वाईट नाही. जिथे गाल टेकतो ती वरची कड म्हणजे कोंब, तिची उंची ठरवते की डोळा किती वर येणार. जुने दस्ते खाली उतरलेले असायचे कारण तेव्हा नुसत्या लोखंडी माशीवरून नेम धरायचे, स्कोप नळीच्या वर बसतो म्हणून आता कोंब उंच लागतो, नाहीतर गाल हवेत तरंगतो. मग दस्ता किंचित बाहेरच्या बाजूला वाकवायचा का, रुंद चेहऱ्याच्या आणि रुंद खांद्याच्या माणसाला ते लागतं, याला कास्ट म्हणतात. आणि मागची पट्टी किती कोनात कापायची, तो पिच, तो चुकला तर धक्क्याला दस्त्याचं एक टोक खांद्यात रुततं. मापं द्यायला जाताना शिकारीला घालता तेच कपडे घालून जा. पातळ शर्टवर मापं दिली आणि जाड जॅकेट घालून शिकारीला गेलात तर दस्ता तेवढाच लांब झाल्यासारखा होतो आणि काखेत अडकतो.

परीक्षा एकच. रिकामी रायफल, ती रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून बघून, सुरक्षित दिशेला धरायची, डोळे मिटायचे, खांद्याला लावायची, गाल टेकायचा आणि मग डोळे उघडायचे. मान न हलवता स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. काळी कडा दिसली, मान वर करावी लागली, तर अजून लाकूड काढायचं किंवा ठेवायचं बाकी आहे, आणि ते पॉलिश व्हायच्या आधी सांगायचं. म्हणून अर्धवट तयार झालेल्या दस्त्यावर एक फिटिंग मागून घ्याच, शिंप्याकडे कच्ची शिलाई घालून बघतो तसंच.

लाकूड अक्रोडाचंच का, तर ते वजनाच्या मानाने मजबूत असतं, वाळल्यावर फार हलत नाही, धक्क्याने सहज चिरत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखं बारीक काम घेतं. बघताना लोक मागच्या रुंद भागातल्या लाटा आणि धुरासारख्या रेषा बघून भाळतात, तिथे हरकत नाही, तिथे जोर कमी येतो. पण मनगटापाशी, म्हणजे जिथे हात पकडतो त्या बारीक भागात, रेषा लाकडाच्या लांबीतून सरळ गेलेल्या पाहिजेत. तिथे रेषा आडव्या कापल्या गेल्या असतील तर दस्ता तिथेच मोडणार, आज नाही तर दहा वर्षांनी. सगळ्यात देखणी फळी नाकारून साधी सरळ रेषांची फळी घ्या असं गनस्मिथ म्हणाला तर त्याचं ऐका. आणि फळी किती वर्षं वाळलीय हे विचारा. चांगले कारागीर ती अधूनमधून वजन करून बघतात, वजन घटायचं थांबलं की मगच हात लावतात. ओली फळी कोरली तर रायफल तयार झाल्यावर लाकूड आक्रसतं, पिळतं, नळीला एका बाजूने रेटतं आणि पावसाळ्यात लावलेला नेम उन्हाळ्यात भलतीकडे जातो.

याच कारणाने लाकूड आणि पोलाद जिथे भेटतात तिथलं काम, ज्याला बेडिंग म्हणतात, ते फार जपून करतात. जुनी पद्धत अशी की पोलादाला काजळी लावायची, लाकडात बसवून काढायची, जिथे काळा डाग लागला तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत काजळी, परत बसवायची, शेकडो वेळा. आता बहुतेक जण त्याच्या जोडीला इपॉक्सी भरतात, ते लाकडासारखं ओल पीत नाही. रिसीव्हरखाली एक पोलादी पाय असतो, रीकॉइल लग, सगळा धक्का तो लाकडावर टेकवतो, तो मागच्या बाजूने एकसारखा टेकला पाहिजे. आणि रिसीव्हरच्या शेपटीमागे कागदाएवढी फट सोडलेली पाहिजे, नाहीतर पाचर मारल्यासारखा दस्ता तिथून चिरतो. सतत पावसात, बर्फात फिरणार असाल तर फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचा दस्ता घ्यायला काहीच कमीपणा नाही, तो ओलीने हलत नाही, फक्त त्यालाही मापाने बसवून घ्या.

वजनाचा विचार धक्क्याबरोबर करायचा. तीच गोळी, तीच दारू, तर रायफल जितकी हलकी तितकी धक्क्याची ऊर्जा जास्त, आणि तेही व्यस्त प्रमाणात, ४ किलोची ३ किलो केली तर धक्का एक तृतीयांशाने वाढतो. डोंगरात चालायला हलकी हवीशी वाटते पण चाप ओढताना दचकायला लागलात तर ती हलकी रायफल काय कामाची. .३७५ सारखी कॅलिबर ४ किलोच्या आसपासच बरी वागतात.

चापाबद्दल थोडंच. शिकारीला साधारण सव्वा ते दीड किलोचा स्वच्छ, न अडखळणारा ओढा पुरतो. थंडीने बधिर झालेली बोटं, हातमोजे, धापा टाकणारी छाती, अशा वेळी फार हलका चाप धोक्याचा असतो, टार्गेटवाल्यांच्या रायफलीशी तुलना करू नका. स्कोपही आधीच ठरवून गनस्मिथला द्या, कारण कोंबाची उंची स्कोपच्या उंचीवरून ठरते, नंतर मोठ्या भिंगाचा घेतला की सगळं गणित बिघडतं.

पोलादाला रंग कसा द्यायचा यात एक जुनी पद्धत मला फार आवडते, रस्ट ब्लूइंग. पोलादाला मुद्दाम बारीक गंज चढवतात, मग ते उकळत्या पाण्यात टाकतात, लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, तो मऊ तारेच्या ब्रशने घासून काढतात, आणि हे पुन्हा पुन्हा करत जातात, थर चढत चढत गडद, मंद, चकाकी नसलेला काळपट निळा रंग येतो. जनावराच्या डोळ्यात तो चमकत नाही हा फायदा. दोन नळ्यांच्या रायफलीला तर हेच करावं लागतं, कारण झटपट होणाऱ्या गरम ब्लूइंगची तिखट क्षारं नळ्या जोडणाऱ्या डाखाला खाऊन टाकतात. सतत ओल्यात वापरायची असेल तर स्टेनलेसची नळी किंवा सिरॅमिकचा लेप, दिसायला साधा पण गंजाची काळजी कमी.

हे सगळं एकच माणूस करतो असं समजू नका. लंडनमधल्या जुन्या पेढ्यांत पिढ्यान्‌पिढ्या कामं वाटलेली आहेत, ॲक्शन घासणारा वेगळा, नळीवाला वेगळा, दस्तावाला वेगळा, नक्षीवाला वेगळा. छोट्या गनस्मिथकडे गेलात तरी नळी बहुतेक वेळा नळीच बनवणाऱ्याकडून येते. म्हणून कुठलं काम तुम्ही स्वतः करता आणि कुठलं बाहेर देता हे मोकळेपणाने विचारा, त्यात त्याचा अपमान नाही. वेळ का लागतो तेही त्यावरून कळतं, वर्ष-दीड वर्ष हे सामान्य समजा, मोठ्या नावांकडे त्याहूनही जास्त.

आणि लिहून घ्या. कॅलिबर, ट्विस्ट, नळीची लांबी, ॲक्शनचा नंबर, फळीचा फोटो दोन्ही बाजूंनी, दस्त्याची सगळी मापं, चापाचा ओढा, स्कोपसकट एकूण वजन, कुठल्या काडतुसाने किती अंतरावर केवढा ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडणं, अपेक्षित आहे, पैसे कुठल्या टप्प्यावर किती. ग्रुपचं आश्वासन देताना किती गोळ्यांचा तेही लिहा, तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात, पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप खरं बोलतात. अर्ध्यावर मन बदललं तर तेही लेखी कळवा, कारण नळी कापली की परत लांब होत नाही.

तयार झाल्यावर ती प्रूफ केली जाते, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस डागून बघतात. सी आय पी या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतल्या देशांत हे कायद्याने सक्तीचं आहे आणि रायफलीसाठी तो दाब कमाल मर्यादेपेक्षा सव्वापट धरतात, मग नळीवर आणि ॲक्शनवर ठसा उमटतो. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७ साली आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं, म्हणजे ही खात्री करून घ्यायची सवय फार जुनी आहे. जिथे सक्ती नाही तिथे मागून करून घ्या.

ताबा घ्यायला जाल तेव्हा रेंजवर जाऊन स्वतः चालवून बघा, टेबलावरून नाही फक्त, उभं राहून, बसून, झाडाला टेकून. मॅगझिन पूर्ण भरून सगळी काडतुसं सावकाश आणि मग झपाट्याने खेळवा, अडलंच तर बहुतेक वेळा शेवटचं काडतूस अडतं. पहिल्या वर्षात लाकूड थोडं जागेवर बसतं, तेव्हा दस्त्याचे स्क्रू किती ताकदीने आवळायचे तो आकडा गनस्मिथकडून लिहून घ्या आणि ऋतू बदलला की तपासा. आणि चेंबर कुठल्या रीमरने, म्हणजे कोरायच्या हत्याराने, कोरलाय, त्याचं ड्रॉइंग, ट्विस्ट, हेडस्पेस, हे सगळं एका कार्डावर लिहून पेटीत ठेवा, कारण नळी कधीतरी झिजते, तोवर तुमचा गनस्मिथ निवृत्त झालेला असू शकतो, आणि नवी नळी बसवणाऱ्याला ते कार्ड मिळालं की त्याचं निम्मं काम तिथेच होतं.